शाई न भरणाऱ्यांचा क्लब

पेन जमवणाऱ्यांच्या क्लबात जावं का, असं मला अधूनमधून कोणीतरी विचारतं. विचारणाऱ्याने नुकतंच एखादं भारीतलं शाईचं पेन घेतलेलं असतं आणि घरात त्याकडे बघायला कोणाला वेळ नसतो. मी नाशिकच्या अशा एका क्लबात काही वर्षं काढली आहेत. सल्ला द्यायला गेले की माझ्या तोंडून वाकडंच निघतं, म्हणून मी सल्ला देत नाही. काय काय झालं तेवढं सांगते.

नव्वदच्या दशकात अशोक स्तंभाजवळ माझं औषधांचं दुकान होतं. डी. फार्म. मी केलेलं, परवाना माझ्या नावावर, आणि नवरा सातपूरला कंपनीत. तरी औषध कंपन्यांचे एमआर दुकानात शिरले की आधी विचारायचे, "साहेब कुठे आहेत?" मी भिंतीवरचा परवाना दाखवायची.

दुकानाने मला एक गोष्ट शिकवली, ती म्हणजे वाईट अक्षराचा राग. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या मी औषध ओळखून वाचत नसे, पेशंटचं तोंड बघून रोग ओळखायची आणि मग चिठ्ठी वाचायची. म्हणून माझ्याकडून जाणाऱ्या प्रत्येक पुडीवर मी ठळक, सुटं लिहून द्यायची. कळवण, सुरगाण्याकडून आलेली माणसं असत, त्यातल्या कित्येकांना वाचता येत नसे. त्यांना सकाळच्या गोळीच्या पुडीवर सूर्य आणि रात्रीच्या पुडीवर चंद्र काढून द्यायची. बॉलपेनने पुडीचा कागद फाटतो, त्यामुळे हे सगळं शाईच्या पेनाने. त्यात हौस वगैरे काही नव्हती.

इमारतीत वरच्या मजल्यावर एका दाताच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. एकदा ते कापूस न्यायला खाली आले आणि माझ्या हाताकडे बघत राहिले.

"तुम्ही फाउंटन पेन वापरता?" गंगापूर रोडला बिबट्या दिसल्यावर माणूस ज्या आवाजात विचारेल, त्या आवाजात त्यांनी विचारलं.

"हो. का?"

"रोज?"

"रविवारी दुकान संध्याकाळीच उघडतं," मी म्हणाले.

"मग रविवारी सकाळी आमच्याकडे या. आपल्यासारख्यांचा एक ग्रुप आहे."

आपल्यासारख्यांचा, हा शब्द मला आवडला. दिवसभर खोकल्याची औषधं विकणाऱ्या बाईला आपल्यासारखे कोणी आहेत असं सहसा कोणी सांगत नाही.

क्लब भरायचा अध्यक्षांच्या बंगल्यात. अध्यक्ष पाटबंधारे खात्यातून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले. नोकरीत त्यांच्या सहीशिवाय पाणी सुटत नसे, असं ते स्वतः सांगत. दिवाणखान्यात मधोमध टेबल, त्यावर सराफाकडे असतं तसं क्रीम रंगाचं मखमली कापड आणि त्यावर ओळीने पेनं निजवलेली. चार-सहा पुरुष वाकून बघत होते. डोळ्याला लावायचं सोनाराचं भिंग एका हातातून दुसऱ्या हातात जात होतं. मी आत पाऊल टाकलं तशा अध्यक्षांच्या पत्नी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "तुम्ही आत या ना. इथे यांचं काहीतरी चालू असतं."

मी म्हणाले, मी या काहीतरीसाठीच आले आहे. त्यांनी माझ्याकडे अत्यंत दयेने पाहिलं. ती दया किती योग्य होती ते कळायला मला बराच वेळ लागला.

"तुमचं कलेक्शन?" अध्यक्षांनी विचारलं.

मी पर्समधून माझं पेन काढलं, टोपण उघडलं आणि इतरांच्या शेजारी कापडावर ठेवलं. निब मखमलीला टेकली आणि तिथे निळा ठिपका पसरायला लागला.

"यात शाई आहे?" अध्यक्ष म्हणाले.

"पेन आहे," मी म्हणाले.

"म्हणजे तुम्ही भरून ठेवता?"

"लिहायला लागतं."

शाकाहारी घरात पाहुण्याने डब्यातून मटण काढावं तशी शांतता पसरली. अध्यक्षांच्या पत्नी लिंबू घेऊन आल्या आणि डाग चोळायला लागल्या. डॉक्टरांनी मला हळू आवाजात समजावलं की शाई भरली की पेनाची किंमत जाते. लिहिल्याने निब झिजते. पेन हवेला उघडं ठेवू नये, उन्हात ठेवू नये आणि शक्यतो हात लावू नये. क्लबात दोन जाती आहेत, ते म्हणाले, वापरणारे आणि सांभाळणारे. वापरणारी त्या दिवसापासून मी एकटीच होते.

तरीही मी जात राहिले. एक तर दुकानाबाहेर मला स्वतःचं असं काही नव्हतं. आणि दुसरं, हे लोक बघायला मजा यायची. एका रविवारी वाद झाला की टोपण फिरकीचं चांगलं की दाबाचं. पुढच्या रविवारी तोच वाद पुढे चालू झाला आणि चहा गार होईपर्यंत चालला. सभेचा वृत्तांत अध्यक्ष कॉम्प्युटरवर टाइप करून, प्रिंट काढून आणायचे. हाताने का लिहीत नाही, असं मी एकदा विचारलं.

"वाचता यायला हवं ना," ते अगदी गंभीरपणे म्हणाले.

डॉक्टर पेनांची दुरुस्ती करायचे. दात कोरायच्या हत्यारांनी ते निबचं टोक घासत, तिच्याखालची जीभ साफ करत आणि तोंडाने सारखं "थोडंसं टोचेल हं" म्हणत. ती सवय होती. त्यांच्या हातून बरीच पेनं कायमची गेली. त्याबद्दल कोणी तक्रार करत नसे, कारण ती बंद पडली आहेत हे कळायला आधी त्यांत शाई भरावी लागली असती.

एक होते द्राक्ष बागायतदार, पिंपळगावकडचे. गळ्यात साखळी, खिशाला तीन पेनं, दारात भली मोठी गाडी. परदेशी पेनांची नावं त्यांना घेता यायची नाहीत. ते एकाच प्रश्नावर भागवायचे, "यातलं भारी कोणतं?" सांगितलं की तेच घ्यायचे आणि बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायचे. अध्यक्ष त्यांच्यासमोर त्यांना भाऊ म्हणत आणि ते गेले की, "पैसा आहे, पण नजर नाही." घरी मी त्यांना लॉकर म्हणायची. नवरा विचारायचा, आज लॉकर काय म्हणाला?

आणि एक होते काका. एसटीच्या कार्यालयातून निवृत्त झालेले. बारीक अंगकाठी, इस्त्रीचा बुशशर्ट आणि खिशात एसटीचा पास. त्या पासावर ते जिल्हाभर फिरायचे. सटाणा, कळवण, सिन्नर, येवला, जिथे जुनं स्टेशनरीचं दुकान असेल तिथे जाऊन वरच्या फळीवरचा धूळ खात पडलेला माल मागायचे. न खपलेली देशी पेनं, काळ्या-तपकिरी एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची, खोक्यातसुद्धा तशीच. क्लबात सगळ्यांत चांगला संग्रह त्यांचा होता आणि ते इतरांना सहन होत नसे, कारण त्यांनी तो बसमधून जमवला होता.

काका बोलायला लागले की पेनांवरच. प्रत्येक पेनाची एक गोष्ट, आणि प्रत्येक गोष्टीत शेवटी काका जिंकायचे.

एकदा सभा त्यांच्याकडे होती. घर द्वारका चौकाजवळ, हायवेला लागून. खालून ट्रकांचे हॉर्न इतके की बोलणारा मधेच थांबायचा आणि ट्रक गेला की वाक्य पुढे न्यायचा. काकांनी एक खोकं उघडून गोष्ट सांगितली. कळवणला एक दुकानदार वारला होता. महिना-दीड महिन्याने काका तिथे गेले. बायको गल्ल्यावर बसलेली, तिला मालातलं काही कळत नव्हतं. काका म्हणाले, ही जुनी पेनं कोण घेणार, रद्दीत घालायची तर मी नेतो. तिने उलट आभार मानले आणि खोकं बांधायला सुतळी दिली.

सगळे हसले. अध्यक्ष म्हणाले, "याला म्हणतात नजर."

काकू तेव्हा चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. जाड भिंगाचा चष्मा, सिन्नरकडच्या खेड्यातली बोली, आणि गुडघे धरून चालायची सवय. ट्रे खाली ठेवत त्या म्हणाल्या, "तिला सांगनारं कोनी नव्हतं ना."

काका पेन खिडकीच्या उजेडात धरून बघत राहिले.

त्या दिवशी मी कप उचलायला म्हणून आत गेले आणि काकूंशी ओळख झाली. मग काका माझ्या दुकानातून त्यांचं गुडघ्याला चोळायचं मलम न्यायला लागले. चिकट माणूस, पाच मिनिटं घासाघीस करायचे. पण जाताना एक काम सांगायचे. खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहून द्या, कुठे चोळायचं, किती वेळा चोळायचं. बारीक छापलेलं तिला दिसत नाही.

"तुम्हीच लिहा की," मी एकदा म्हणाले. "घरात पेनांना तोटा नाही."

"माझं अक्षर तिला लागत नाही," ते म्हणाले आणि खोकं माझ्यापुढे सरकवलं.

मधे क्लबाने एक प्रदर्शन भरवलं. विषय होता हस्ताक्षर वाचवा. एक हॉल घेतला, काचेच्या पेट्या आणल्या, प्रत्येक पेटीवर पाटी लावली, हात लावू नये. पाट्या कॉम्प्युटरवर काढलेल्या. एका स्थानिक वर्तमानपत्राचा वार्ताहर आला. अध्यक्षांनी त्याला ऱ्हासाबद्दल पुष्कळ सांगितलं. लिहिणारा हात गेला, म्हणजे विचार करणारं डोकं गेलं, असं ते म्हणाले. वार्ताहर बॉलपेनने भराभर उतरवून घेत होता. मग त्याने कॅमेरा काढला.

"साहेब, लिहितानाचा एक फोटो द्या."

अध्यक्षांनी पेटीतून एक पेन काढलं आणि कागदावर टेकवलं.

"नुसतं धरू नका, लिहा काहीतरी. आमच्या वाचकांना संदेश."

पेनात शाई नव्हती. पेटीतल्या कोणत्याच पेनात नव्हती. डॉक्टरांनी दोन्ही खिसे चाचपले. भाऊंनी आपली तिन्ही पेनं पुढे केली, तीही कोरडी. शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझं पेन घेऊन अध्यक्षांनी कागदावर शुभेच्छा हा शब्द लिहायला घेतला. त्यांना वेळ लागला. मधे एकदा थांबून त्यांनी बोटं झाडली. च्छ लिहिताना हात अडखळला, म्हणून त्यांनी तिथे परत एकदा गिरवलं. दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला, चांगला ठळक. फोटोत अध्यक्षांचा चेहरा होता आणि कागदाचा तेवढा भाग कापला होता.

काका गेले ते दोन हजार पाच-सहाच्या सुमारास. सकाळी आंघोळ करून आले, खुर्चीत बसले आणि गेले. क्लबाला बातमी माझ्याकडूनच कळली. अंत्ययात्रेला मी आणि डॉक्टर होतो. अध्यक्षांची त्या दिवशी तब्येत बरी नव्हती. भाऊ बागेवर होते, त्यांना निरोप उशिरा मिळाला. तिथे एक बाई सगळं बघत होती, माणसांना पाणी देत होती, भटजींशी बोलत होती. ती काकांची मुलगी. काकांना मुलगी आहे हे आमच्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही. ती मुंबईला असते, हेही तिथेच कळलं.

तेरावं झाल्यावर एका दुपारी मी काकूंना ब्लडप्रेशरच्या गोळ्या द्यायला गेले. बसते न बसते तोच डॉक्टर आले. मला बघून ते जरा दचकले.

"सहज या बाजूला आलो होतो, म्हटलं वहिनींना भेटावं," ते म्हणाले. मग काकांच्या आठवणीने त्यांचा आवाज जड झाला, आणि त्या जड आवाजातच त्यांनी विचारलं, "ते तपकिरी पेनांचं खोकं कपाटातच आहे ना? दमट हवेत खराब होतं ते."

काकू काही म्हणायच्या आत अध्यक्ष आले. सोबत पत्नी, आणि हातात फुलांचा हार. एकमेकांना बघून डॉक्टर आणि अध्यक्ष दोघांच्याही चेहऱ्यावर रेशनच्या रांगेत ओळखीचा माणूस भेटल्याचा भाव आला. अध्यक्षांनी फोटोला हार घातला, हात जोडले आणि वळून म्हणाले, "वहिनी, त्यांचा वारसा जपला पाहिजे. आपण त्यांच्या नावाने काहीतरी करू. तोवर पेनं माझ्याकडे सुरक्षित राहतील."

"माझ्याकडे एसी आहे," डॉक्टर म्हणाले.

थोड्या वेळाने खाली मोठी गाडी थांबल्याचा आवाज आला. भाऊ जिना चढून आले, सगळ्यांना बघून दारातच थांबले, चपला काढून कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले आणि काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, हा बाकीच्यांनी भाव काढायची वाट बघतोय.

काकूंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. पदराने चष्मा पुसला.

"येत्या रविवारी या सगळे," त्या म्हणाल्या. "पन येताना एकेक पान लिहून आना. ह्यांच्यावर."

"म्हणजे श्रद्धांजली?" अध्यक्षांनी विचारलं.

"तुम्ही म्हनाल ते. हातानं लिहा पन. मशिनीवर नको."

"कशासाठी पण, वहिनी?"

"घरात ते बोलतच नव्हते," काकू म्हणाल्या. "लगीन झाल्यापासून कधी बोलले नाय फार. जेवन, पानी, विजेचं बिल, एवढंच. रविवारी मात्र न चुकता तुमच्यात जायचे. म्हटलं तुमच्याशी तरी बोलत असतील. काय बोलायचे, कसे होते, ते लिहून आना. मला वाचून दावा."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच हवं होतं ते.

तो आठवडा मी विसरणार नाही. सोमवारी डॉक्टर खाली आले आणि विचारलं, काका एसटीत नेमकं काय होते? डेपोत की ऑफिसात? मंगळवारी अध्यक्षांचा फोन. "त्यांना मुलगी एकच का? जावई काय करतात? आणि मूळ गाव कुठलं हो त्यांचं?" मी म्हणाले, साहेब, इतकी वर्षं तुम्ही शेजारी बसत होता. ते म्हणाले, "तसा विषय कधी निघाला नाही." गुरुवारी डॉक्टरांचा कंपाउंडर शाईची दौत मागायला आला. माझ्याच दौतीतली शाई इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत ओतून दिली. शुक्रवारी अध्यक्षांचा ड्रायव्हर त्याच कामासाठी आला. त्यालाही दिली. शहरातला सगळ्यांत मोठा पेनांचा साठा ज्यांच्याकडे, त्यांच्या घरात शाईचा थेंब नव्हता.

कागद घेऊन मीही बसले. हसू येत होतं तोवर ठीक होतं. मग लिहायला लागले आणि लक्षात आलं, माझ्याकडेही मलमापलीकडे काही नाही. तेच लिहिलं. ते खोकं कसं पुढे सरकवायचे, लिहून झालं की स्वतः कसं दोनदा वाचून बघायचे, शाई वाळेपर्यंत कसं हातात आडवं धरून उभे राहायचे. अर्धं पानसुद्धा भरलं नाही.

रविवारी सगळे जमले. मुलगीही आली होती, काकूंच्या शेजारी बसली. आधी अध्यक्षांनी वाचलं. स्वतःचं अक्षर त्यांना तीन ठिकाणी लागलं नाही. पानभर मजकूर होता आणि सगळा पेनांचा. काकांना एबोनाइटची पारख कशी होती, कोणत्या तालुक्यात त्यांना काय मिळालं, त्यांच्या जाण्याने जिल्ह्यातल्या देशी पेनांच्या अभ्यासाचं कसं नुकसान झालं.

"आनि?" काकू म्हणाल्या.

अध्यक्षांनी कागद उलटून पाहिला. मागे काही नव्हतं.

डॉक्टरांचं पान ऐकायला चांगलं होतं. काका शिस्तप्रिय होते, मितभाषी होते, अजातशत्रू होते. ते पान त्यांनी आधी कोणासाठी तरी लिहिलेलं असावं, कारण एका ठिकाणी काकांच्या रुग्णसेवेचा उल्लेख आला. डॉक्टरांनी तो घाईने वाचला. मुलीने मान खाली घातली, तिला हसू येत होतं.

माझं अर्धं पान ऐकताना काकू गुडघ्यावरून हात फिरवत राहिल्या. "मला वाटायचं ते अक्षर ह्यांचं हाय," एवढंच त्या म्हणाल्या. मला फार अवघडल्यासारखं झालं.

मग भाऊ. त्यांनी खिशातून वहीचा फाडलेला कागद काढला. मी मनात म्हटलं, लॉकरने कोणाकडून तरी लिहून घेतलं असणार. पण अक्षर त्यांचंच होतं, मोठं, रेघेखाली घसरणारं. ते बोट ठेवून वाचत होते.

मला पेनातलं काही कळत नाही, अशी सुरुवात होती. गावात माझ्याशी सगळे द्राक्षावर न् भावावर बोलतात, म्हणून मी रविवारी नाशिकला यायचो. एका साली माल तोडायला आला आणि गारपीट झाली. सगळी बाग झोपली. पाहुणे आले, पुढारी आले, पंचनामेवाले आले. जो येईल तो विचारी, किती गेलं? तिसऱ्या दिवशी काका आले. बसने आले, फाट्यावरून चालत आले. ओट्यावर बसले. बागेकडे एकदा बघितलं, मला काहीच विचारलं नाही. भाकरी दिली, खाल्ली. मग खिशातून एक जुनं पेन काढलं, सगळे भाग सुटे केले, बादलीत पाणी घेऊन धूत बसले. दुपारभर तेच. मी शेजारी बसून बघत होतो. जोडून झालं तर म्हणाले, झालं चालू. माझ्या हातात दिलं न् संध्याकाळच्या गाडीने गेले. त्या रात्री मला झोप लागली.

एवढंच होतं. भाऊंनी कागदाची घडी घातली. त्या पेनानेच लिहिलंय, असं म्हणून त्यांनी खिशातलं एक पेन काकूंपुढे धरलं. साधंच होतं, टोपणाला चीर गेलेली.

काकूंनी ते हातात घेतलं. "त्या दिवशी मला म्हनले, पेन्शनचं काम हाय, ऑफिसात चाललो," त्या म्हणाल्या. "भाकरी कसली होती?"

"बाजरीची."

"घरात बाजरी खायचे नाय ते. पोटात दुखतं म्हनायचे."

"दोन खाल्ल्या," भाऊ म्हणाले.

काकूंनी पेन त्यांना परत दिलं. मुलीने चहा आणला. चहा संपत आला तसे अध्यक्ष खाकरले. "तर वहिनी, ते पेनांचं..."

"पेनं काल गेली," काकू म्हणाल्या.

"गेली म्हणजे?"

मुलीने सांगितलं. तिने मुंबईत चौकशी करून एक व्यापारी शोधला होता. तो येऊन सगळी खोकी बघून, योग्य किंमत देऊन घेऊन गेला.

"पण तुम्ही तर आम्हाला..." डॉक्टर म्हणाले.

"मी म्हटलं रविवारी या. पेनं देते म्हटलं का?" काकू शांतपणे म्हणाल्या. "तो मानूस आला, पेनं दाखवा म्हनला, भाव सांगितला. ह्यांच्याबद्दल एक शब्द बोलला नाय. मला बरं वाटलं. कळवनच्या त्या बाईसारखं माझं व्हायला नको होतं."

जिन्यावरून उतरताना अध्यक्ष म्हणाले, बायकांना वारशाची किंमत नसते. मग मी मागे आहे हे लक्षात येऊन त्यांनी कठडा घट्ट धरला. एक तपकिरी पेन मलाही हवं होतं, हे खरं आहे. पण त्या जिन्यावर मला त्याची अजिबात हळहळ वाटली नाही. अध्यक्षांचा चेहरा बघायला मिळाला, तेवढ्यात माझं भागलं.

पुढच्या सभेत शोकठराव आला, टाइप केलेला. तो मंजूर झाला आणि लगेच चर्चा सुरू झाली की मुंबईचा तो व्यापारी कोण आणि त्याच्याकडून खोकी परत कशी मिळवायची. भाऊ त्या सभेला नव्हते, नंतरही आले नाहीत. मी आणखी काही महिने गेले, मग दुकानात माणूस नाही असं सांगून जायची बंद झाले. कोणी बोलावलं नाही. अध्यक्ष मुलाकडे पुण्याला गेले तेव्हा क्लब आपोआप संपला. मखमली कापडाचं काय झालं माहीत नाही.

पेनांच्या पैशातून काकूंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. त्या आता काठीशिवाय भाजी आणायला जातात आणि मलमाचं गिऱ्हाईक मी गमावलं. एकदा त्यांच्या स्वयंपाकघरात अध्यक्षांचं पान लोणच्याच्या बरणीखाली घातलेलं दिसलं. डॉक्टरांचं कुठे होतं ते मी विचारलं नाही.

भाऊ दर दिवाळीत काकूंकडे जातात, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. मी विचारलं, काय बोलतात?

"काय नाय बोलत," काकू म्हणाल्या. "बसतो, भाकरी खातो, जातो." आणि परातीत पीठ घेऊन त्या मळायला लागल्या, कारण त्या दिवशी ते यायचे होते.